माडीचा पाव

मी लग्न होऊन किनाऱ्यावर आले तेव्हा माझे सासरे मंडळीबाहेर होते. स्थळ सांगून आले तेव्हा हे कोणी बोलले नव्हते. मुलगा मिशनच्या शाळेत मास्तर आहे, सासू देवभीरू आहे, घर स्वतःचे आहे, दारात नारळी आहेत, एवढे सांगितले होते आणि ते सगळे खरे निघाले. सासऱ्यांविषयी 'होड्यांची सुतारकी करतात' इतकेच सांगितले. तेही खरेच होते. मध्यस्थाने एक शब्द खोटा सांगितला नाही, हे त्याचे कसब.

मी नगरकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. समुद्र मी फक्त पुस्तकात पाहिला होता. मुंबईहून बोटीने रेवसला उतरलो, तिथून बैलगाडीने अलिबाग, आणि अलिबागच्या पुढे खाडीच्या तोंडाशी आमचे गाव. सन तीसच्या आगेमागेची गोष्ट. गावात ख्रिस्ती घरे थोडीच होती. चर्चला आम्ही सगळे देऊळच म्हणायचो, त्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होई.

मंडळीबाहेर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. आमच्याकडेही कोणी दारू प्यायला लागला, कोणी दुसरी बायको केली, तर पंच बसत आणि त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवत. माणसाने उपासनेला यावे, मागच्या बाकावर बसावे, गाणी म्हणावीत. पण दर तीन महिन्यांनी पावाच्या तुकड्यांचे ताट फिरे, ते त्याच्यापुढे थांबत नसे. ते सरळ पुढच्याच्या हातात जाई. इथल्या देवळात ते मामंजींच्या डोक्यावरून जाई, कारण ते बाकावर न बसता दाराजवळ खाली बसत. मामंजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना तसेच म्हणत असे.

घरीही ते बाहेरच होते. पडवीत त्यांची वाकळ, त्यांचा तांब्या, त्यांची थाळी. सासूबाई थाळी वाढून उंबऱ्याबाहेर ठेवीत आणि आत वळत. भांडण नाही, शिव्या नाहीत. मी आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटले, या घरात सोवळे पाळतात की काय. नवऱ्याला विचारले तर त्याने वहीतून मान वर न करता सांगितले, "त्यात तू पडू नकोस." माझा नवरा सरळ माणूस, पण आईबापांच्या बाबतीत त्याने कान आणि डोळे मिटून घेतले होते.

कारण मला शेजारणीने सांगितले आणि पुढे सासूबाईंनी स्वतः. माझ्या नवऱ्याच्या पाठची एक बहीण होती, सहा वर्षांची. तिला ताप भरला, घशात काही झाले, श्वास लागेना. सासूबाईंनी मामंजींना अलिबागला दवाखान्यात पाठवले. ते गेले, डॉक्टरला भेटले, औषधाची बाटलीही घेतली. परतताना वाटेत माडीचे दुकान. माडी म्हणजे माडाच्या पोयीतून, म्हणजे कोवळ्या फुलोऱ्यातून, काढलेला रस. सकाळी गोड असतो आणि दुपारपर्यंत आंबून माणसाला आडवा करतो. मामंजी तिथे बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. बाटली हातात होती, बूचसुद्धा काढलेले नव्हते. पोरीला सकाळीच माती दिली होती.

औषध वेळेवर पोचले असते तरी ती वाचलीच असती असे नाही, असे देवळाचे त्या वेळचे पाळक सासूबाईंना म्हणाले होते. सासूबाई त्यावर म्हणाल्या, "ते देवाला ठाऊक. मला एवढंच ठाऊक हाय, की औषध आलं न्हाय." त्यानंतर मामंजी सुधारले नाहीत. उलट जास्त पिऊ लागले, आणि पंचांनी त्यांना दूर केले. शिस्त म्हणून ते योग्यच होते. घरात मात्र पंचांच्या आधी निकाल लागला होता.

मामंजींनी या काळात तीनदा पश्चात्ताप केला, असे सासूबाई सांगत. तीनदा देवळात सगळ्यांसमोर रडले, तीनदा शपथ घेतली, आणि तीनदा गावकऱ्यांनी त्यांना हाताखांद्याला धरून घरी आणून टाकले. "रडणं त्यांना चांगलं जमतं," सासूबाई म्हणत. त्यांचे बोलणे असेच असे, कोरडे आणि कापणारे. मला त्यांची भीती वाटे आणि, खरे सांगायचे तर, त्या मला आवडतही. माझ्या माहेरी बायका फार लवकर डोळ्यांना पदर लावीत.

मामंजी बदलले ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. बदलले म्हणून सांगावे असे काही घडले नाही. कोणी स्वप्न पडल्याचे सांगत नव्हते, कोणाला उजेड दिसला नव्हता. एके दिवशी ते दिवस मावळायच्या आधी घरी आले, पडवीत बसले आणि पाणी मागितले. दुसऱ्या दिवशीही तसेच. आठवडाभराने शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मास्तरीणबाय, तुमच्या घरी काय, पाहुना आलाय का?"

त्याच सुमाराला खादीवाली पोरे माडीच्या दुकानासमोर धरणे धरून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडत. त्यामुळे गावात चेष्टा सुरू झाली, की म्हाताऱ्याने सोडली ती खादीवाल्यांमुळे की प्रभूमुळे. पाळकांना ही चेष्टा सहन होईना. हे पाळक आमच्याच देशावरचे, साताऱ्याकडचे, मऊ बोलणारे, पण दारूच्या बाबतीत कडक. त्यांनी मामंजींना बुधवारच्या प्रार्थनेला साक्ष द्यायला उभे केले. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यावर कशी दया केली ते सगळ्यांसमोर सांगणे. लोक सांगत तेव्हा त्यात वादळ असे, आजारपण असे, कानात आलेला आवाज असे.

मामंजी उभे राहिले आणि हातातली टोपी चुरगाळत म्हणाले, "मी नाखव्याच्या गलबताच्या पोटात निजलो होतो. काम करायला गेलतो, पण घेतलेली होती, म्हणून निजलो. वरती माणसं बोलत होती. एक म्हणला, ह्या दारुड्याला कशाला कामाला ठेवतोस, नाखवा? तर नाखवा म्हणला, अल्लानं ह्याला अजून दुनियेत ठेवलाय. तो ठेवतो, तर मी कोन काढनारा?"

एवढे बोलून ते थांबले. पाळक वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि पुढे?"

"पुढं काय न्हाय. मी तिथंच पडून इचार केला, खरंच का ठेवलाय? माझी पोर नेली आन् मला ठेवलाय. मी काय करावं म्हनून ठेवलाय? मग उठलो. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकायचा ऱ्हायला होता, तो ठोकला. मग घरी आलो."

देवळात कोणी 'आमेन' म्हणाले नाही. पंचांपैकी एक जण मागाहून माझ्या नवऱ्याला म्हणाला, की साक्ष चांगली होती, पण मुसलमानाच्या तोंडून आलेली दया मंडळीच्या कागदात लिहायची कशी? शेवटी पाळकांनी 'एका सज्जनाच्या उद्गारांनी' असे लिहून वेळ मारून नेली. नाखव्याला हे कळले तेव्हा तो खूप हसला. आपण फक्त सुतार चांगला असल्यामुळे ठेवला होता, असे त्याने स्पष्ट सांगितले. पण बोललेले शब्द त्याने नाकारले नाहीत.

मामंजी परत कामाला लागले. कामावरून घरी, घरून देवळात, देवळातून पडवीत. त्यांनी आत येऊ का असे कधी विचारले नाही. सासूबाईंनी ये म्हटले नाही. वर्ष उलटत आले तेव्हा पंच घरी आले. एखाद्याला परत मंडळीत घ्यायचे तर त्याच्या घरच्यांना विचारायची पद्धत होती. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. पंचांनी विचारले, "काय बाई, बदल झालाय ना?"

"पीत न्हाईत, हे खरं हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यापुढे त्यांनी काही जोडले नाही. पंचांनी तेवढ्यावर काम भागवले.

पंच गेल्यावर चुलीपाशी त्या माझ्याजवळ बोलल्या. "देवानं माफ केलं असंल. देवाला माफ करायला काय जातं? देवाला त्यांची वाट बघत पोरीच्या उशाशी बसायला लागलं न्हाय." मी म्हटले, "असं बोलू नये, सासूबाई." त्या म्हणाल्या, "मग तू सांग, कसं बोलायचं?" सगळा गाव, पाळक, पंच, माझा नवरासुद्धा मामंजींच्या बाजूने उभा होता. राहिलेल्या त्या एकट्या, आणि मामंजींना आत घ्यायचे की नाही, हे फक्त त्यांच्या हातात होते. वरून त्यांनाच सगळे कठोर म्हणत. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली.

प्रभुभोजनाचा रविवार आला. मामंजींनी नवा सदरा घातला, दाढी केली. ते पहिल्यांदा बाकावर बसले, पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत. बायकांची बाजू डावीकडे, त्यामुळे मला ते नीट दिसत होते. पाळकांनी परत घेण्याची प्रार्थना केली. लोक गायले. मग पांढरे कापड काढले आणि ताट फिरू लागले. द्राक्षारसाऐवजी आमच्याकडे मनुका भिजवून, कुस्करून, गाळून रस करत. पाळक तो स्वतःच्या घरी करत, म्हणजे त्यात आंबलेला थेंब यायला नको. पाव मात्र बाजारातल्या भट्टीतून येई.

ताट मामंजींच्या हातात आले. त्यांनी ते घेतले, तोंडाजवळ आणले आणि तसेच धरून राहिले. शेजारच्याने कोपराने खूण केली. मामंजींनी तुकडा उचलला नाही. ताट पुढच्या माणसाच्या हातात दिले आणि खाली बघत बसले. रसाचा पेला आला, तोही त्यांनी पुढे दिला.

देवळात आवाज उठला नाही, पण सगळ्यांनी पाहिले. ज्या ताटासाठी माणूस इतकी वर्षे दाराजवळ बसला, ते त्याने आपल्या हाताने पुढे सारले. लोकांच्या मनात एकच अर्थ आला. काहीतरी पाप पोटात आहे. परत सुरू झाली असेल. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. सासूबाई समोर बघत होत्या, चेहरा हलला नाही. मला वाटले, त्यांना बरेच वाटले असेल. बघा, मी म्हणत नव्हते का?

उपासना संपल्यावर पाळकांनी मामंजींना देवळामागच्या खोलीत बोलावले. घरच्यांनाही बोलावले, म्हणून मी तिथे होते. पाळक अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, काही सांगायचं राहिलंय का?"

"न्हाय, साहेब. त्यात माडी हाय."

"कशात?"

"पावात."

पाळकांना काही कळेना, आणि मलाही. मामंजींनी समजावून सांगितले. भट्टीवाला पीठ मळतो ते माडी घालून. रात्रभर ते फुगते. भाजल्यावर वास मरतो, पण सगळा मरत नाही. ज्याच्या नाकात तो वास बसलाय, त्याला तो येतोच. "इतकी वर्सं ताट डोक्यावरून जात होतं, साहेब, म्हणून ध्यानात आलं न्हाय. हातात आलं तवा आलं."

पाळक बाजारात गेले, आम्हाला घेऊनच. भट्टीवाला गोव्याकडचा, तोंडाचा फटकळ. पाळकांनी विचारले, पावात माडी घालता? तो म्हणाला, "मग कशानं फुगंल? तुमच्या प्रार्थनेनं?"

दुपारी पंच बसले. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकले. पाळक म्हणाले, की मी इथे आठ वर्षे आहे, मनुका भिजवून रस करतो, आणि तुमच्यातल्या एकानेही मला सांगितले नाही? पंच एकमेकांकडे बघत राहिले. "तुम्ही कवा इचारलं?" एक म्हणाला. त्यांचे म्हणणे खरे होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते की पावात माडी असते. शेजारच्या हिंदू घरांतले लोक पाव म्हणूनच शिवत नसत. आमच्यातल्यांना मात्र माडी म्हणजे ती, जी दुकानात बसून पितात. पावातली ती पाव. दोन गोष्टी कोणी एकत्र आणून बघितल्याच नव्हत्या. माडीसाठी माणसाला मंडळीबाहेर काढायचे आणि माडीत फुगवलेला पाव प्रभूचे शरीर म्हणून वाटायचा, हे एकाच देवळात बिनबोभाट चालले होते. न कळणारे आम्ही दोघेच, पाळक आणि मी, देशावरचे.

एका पंचाने सांगितले, की भट्टीत ती जळून जाते, दोष नाही. दुसरा म्हणाला, "मग तापवून प्यायली तर चालंल का?" तिसरा हसू आवरत बाहेर गेला. अखेरीस पाळकांनी ठरवले की दोष नाही, आजपर्यंत ज्यांनी घेतले त्यांनी काळजी करू नये. मामंजींनाही त्यांनी तसेच सांगितले. "काका, प्रभू पावात काय आहे हे बघत नाही. तुमच्या मनात काय आहे ते बघतो. पुढल्या वेळी निर्धास्त घ्या."

मामंजी पाळकांचा फार मान ठेवत. ते उभेच होते. म्हणाले, "साहेब, तुमचं खरं. पण त्या वासानं माझी पोर गेली. त्या दिवशी माझ्या तोंडाला तोच वास होता. तोच वास घेऊन मी तिच्या आईसमोर उभा ऱ्हायलो होतो. आता प्रभूला त्याच वासातून कसा घेऊ?"

"प्रभूने तुम्हाला त्या वासातूनच वर काढलं ना?"

"काढलं. म्हनून तर पुन्हा त्यात वाकवत न्हाय."

पाळकांनी डोळे पुसले. मी पाळकांना रडताना पाहिले ते त्याच वेळी. त्यांनी तिथेच सांगितले, की पुढच्या वेळी पाव येणार नाही, तांदळाची भाकरी येईल. शास्त्रातही प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री बेखमीर, म्हणजे न फुगवलेली, भाकरच होती. पंचांनी मान डोलावली. किनाऱ्यावरच्या माणसांना शास्त्राचा आधार मिळाला, की त्यांची हरकत राहत नाही.

हे सगळे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या मागच्या दारी बोंबील साफ करत होत्या. मी मामंजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले, त्या पोरीचा उल्लेख आला तेव्हाही. त्यांचे हात थांबले नाहीत. बोंबील संपले, पाणी ओतून झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या वेळेला खरं हाय."

"काय खरं?"

"ह्या वेळेला ते रडले न्हाईत." त्यांनी विळी धुऊन उभी केली. "समद्या गावासमोर लाज घेतली आन् तोंडातनं सबूद काढला न्हाय. त्यांना ते ताट किती हवं होतं, मला ठाऊक हाय. मी बघितलंय त्यांना दारात बसलेलं." मग एकाएकी चिडल्या. माझ्यावरच चिडल्यासारख्या बोलल्या. "आता मला माफ करायला लागंल! ते पीत होते तवर बरं होतं. माझ्याजवळ तेवढंच होतं, पोरीचं. तो रागच मी जपला होता. तोबी आता देऊ का?"

मी त्यांच्या हातातली टोपली घेतली, एवढेच. माझ्या पोटात तेव्हा माझे पहिले मूल होते आणि मला एकदम फार भीती वाटली, कशाची ते मी तेव्हा सांगू शकले नसते. कोणी गेले की मागे राहिलेल्यांना काय धरून राहावे लागते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. रागाला आपण पाप म्हणतो. सासूबाईंच्या हाती ती मुलीची एकच उरलेली वस्तू होती.

पुढच्या तीन महिन्यांत घरात काही बदलले नाही. मामंजी पडवीत, सासूबाई आत. फक्त सासूबाई थाळी ठेवल्यावर लगेच वळत नसत. क्षणभर उभ्या राहत, मग जात. मामंजी मान खाली घालून जेवत. त्यांनाही ते कळत असावे, पण त्यांनी त्याचा फायदा घेतला नाही. दुसरा कोणी असता तर त्याच दिवसांत आत पाऊल टाकले असते.

प्रभुभोजनाचा रविवार पुन्हा जवळ आला, तेव्हा भाकरी कोणी करायची याची चर्चा निघाली. बायकांत मानपानाचे प्रकार झालेच. सासूबाई म्हणाल्या, "पहिली मी करते." कोणी आडवे आले नाही. शनिवारी त्यांनी तांदूळ धुऊन वाळवले, स्वतः दळले, उकड काढली. माझ्या हाताला त्यांनी लागू दिले नाही. रविवारी पहाटे भाकरी केल्या, पातळ, डाग न पडलेल्या, आणि पांढऱ्या फडक्यात बांधून मामंजींच्या हातात दिल्या. मामंजी ते गाठोडे दोन्ही हातांत धरून देवळापर्यंत चालले.

ताट आधी पुरुषांकडे गेले. मामंजींनी तुकडा घेतला. तोंडात घातला आणि डोळे मिटले. त्यांचा घसा हललेला मला दिसला. रस घेतला. माझ्या नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मग ताट आमच्या बाजूला आले. मी घेतले, ताट सासूबाईंना दिले. त्यांनी आपल्याच हातच्या भाकरीच्या तुकड्यांकडे पाहिले आणि ताट पुढे दिले.

एकदाही न चुकता इतकी वर्षे त्यांनी प्रभुभोजन घेतले होते. राग मनात असतानाही घेतले होते, कारण तो रास्त आहे अशी त्यांची खात्री होती. पाळक दर वेळी सांगत, आधी आपल्या मनाची परीक्षा करा, मग घ्या. त्या दिवशी त्यांनी ती केली, असे मला वाटते. समोरच्या बाजूने मामंजी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी नीट सांगू शकत नाही. वाईट वाटल्याचे नव्हते.

परतताना बायका पुढे, पुरुष मागे, अशी आमची चाल. वाट वाळूतून जाई, दोन्ही बाजूंना केवडा. त्या दिवशी मामंजी झपझप पुढे आले आणि सासूबाईंच्या बरोबरीने चालू लागले. मी असे कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "अगं, घेतलं न्हाईस?"

"मनात न्हाय अजून," सासूबाई म्हणाल्या. "खोटं घेऊ का?"

मी घाबरले. या घरात इतक्या वर्षांत जे बोलले गेले नव्हते ते आता भर वाटेवर निघणार, असे मला वाटले. मामंजी म्हणाले, "नको घेऊस. घाई न्हाय."

"आन् कधीच न्हाय आलं मनात, तर?"

"तर न्हाय. मी पडवीत हाय."

सासूबाई थांबल्या. मग त्या वाळूतच खाली बसल्या, उन्हात, रविवारच्या लुगड्यानिशी, आणि त्यांनी हंबरडा फोडला. पोरीचे नाव घेऊन त्या रडल्या. ते नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकले. मागून येणारी माणसे थांबली, मग शहाणपणाने दुसऱ्या वाटेने गेली. माझा नवरा पुढे यायला निघाला, त्याला मी धरून ठेवले. मामंजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. जवळ जावे की न जावे हे त्यांना कळत नव्हते, आणि त्यांनी अंतर मोडले नाही.

सासूबाईंचे रडणे ओसरायला बराच वेळ गेला. त्यांनी पदराने तोंड पुसले, उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरले होते, उठता येईना. मी पुढे झाले, तर त्यांनी मला हातानेच थांबवले. वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही उठवा."

मामंजींनी हात पुढे केला. पण सासूबाईंचा हात त्यांनी आपणहून धरला नाही. आपला उघडा पंजा त्यांच्यासमोर नुसता धरला आणि थांबून राहिले. सासूबाईंनी तो पकडला आणि त्या उठल्या.